सव्वाशेचा सिलेक्टर, एक पावसाळा उलटल्यावर

फेब्रुवारीत घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरला कोणते उपकरण ऐकायचे ते निवडणारा सिलेक्टर म्हणून रोटरी स्विच, म्हणजे दांडा फिरवून जोडणी बदलणारा स्विच, बसवला. आता ऑक्टोबर. बेळगावचा अख्खा पावसाळा त्याने काढलाय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

स्वित्झर्लंडच्या एल्माचे स्विच उत्तमच, पण त्या पैशात माझे सगळे ॲम्प्लिफायर उभे राहते. मी घेतला तो प्लास्टिकचा, बारा कॉन्टॅक्टवाला, सव्वाशे रुपयांचा. हाच साचा १ पोल १२ वे, २ पोल ६ वे, ३ पोल ४ वे, ४ पोल ३ वे असा मिळतो (पोल म्हणजे एकाच वेळी बदलणाऱ्या वेगळ्या जोडण्या, वे म्हणजे फिरवून थांबायची घरे). डावा-उजवा चॅनल धरून मला २ पोल ६ वे लागला. टर्नटेबल, एफएम, ब्लूटूथ आणि टीव्ही एवढेच जोडायचे होते, म्हणून नटाखालची दातेरी रिंग चौथ्या भोकात बसवून पुढची दोन घरे बंद केली. रिंग घालण्याआधी दांडा डावीकडे शेवटपर्यंत फिरवून घ्या. मी नाही घेतला, आणि अर्धा तास डोके खाजवत बसलो.

खरी फसगत शॉर्टिंग आणि नॉन-शॉर्टिंगमध्ये होते. खडे बाजारात विचारले तर उत्तर आले, "घ्या की सर, सगळं सेमच असतंय." नसतंय! शॉर्टिंग स्विच पुढचा कॉन्टॅक्ट धरतो आणि मग मागचा सोडतो. सिलेक्टरला तो घातला तर घर बदलताना दोन उपकरणांचे आउटपुट क्षणभर एकमेकांना भिडतात. तिथे नॉन-शॉर्टिंगच, म्हणजे मागचा सोडून मग पुढचा धरणाराच, हवा. पायऱ्यापायऱ्यांनी आवाज बदलणाऱ्या स्विचच्या व्हॉल्यूमला मात्र उलटे, तिथे शॉर्टिंग हवा. मल्टिमीटर बीपवर ठेवून त्याची टोके शेजारशेजारच्या दोन कॉन्टॅक्टना लावा आणि दांडा अगदी सावकाश फिरवा. मध्येच बीप झाला तर शॉर्टिंग. दुकानदार तोंड वाकडे करतो, करू दे.

हे मी दुसऱ्या खरेदीत विसरलो. ऑनलाइन मागवलेला २४ पायऱ्यांचा व्हॉल्यूम नॉन-शॉर्टिंग निघाला. प्रत्येक पायरीला ॲम्प्लिफायरचे इनपुट क्षणभर लोंबकळायचे आणि स्पीकरमधून 'टक्'. वायपरपासून (फिरणाऱ्या कॉन्टॅक्टपासून) ग्राउंडला १ मेगओहमचा रेझिस्टर लावल्यावर आवाज बराच दबला, गेला नाही. शिवाय रात्री हळू ऐकताना खालच्या पायऱ्यांमधली उडी फार मोठी वाटते. शेवटी साधे पॉट (पोटेन्शियोमीटर, नेहमीचा गोल व्हॉल्यूम) परत लावले.

सिलेक्टरची तक्रार जुलैत सुरू झाली. आठवडाभर टीव्हीवरच राहिला की एफएमला डावा चॅनल मंद. चांदीचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट हवेतल्या गंधकाने काळे पडतात, आणि शहापुरातल्या आमच्या घरी त्या दिवसांत भिंतींनाही ओल असते. उपाय फुकटचा: नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवला, घासून आवाज परत. गंज काढायचा स्प्रे मारू नका. सोल्डरिंगचा फ्लक्स (डाग नीट बसावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) आत गेला तर तेवढेच वाईट. सोल्डरिंग आयर्न स्विचच्या पायावर फार वेळ धरला तर प्लास्टिक मऊ होऊन पाय हलतो. माझा एक स्विच असाच गेला.

वडगावच्या मित्राने हाच स्विच स्पीकर बदलायला वापरला. ८ ओहमला २० वॅट म्हणजे दीड अँपियरच्या वर. या स्विचची झेप त्याच्या दहाव्या हिश्श्याची. आता कॉन्टॅक्ट जळलेला तो नमुना माझ्याकडे आहे, विचारायला येणाऱ्यांना उघडून दाखवतो.

दांडा ६ मिलिमीटरचा आहे. जुन्या रेडिओचा पाव इंची नॉब त्यावर डुगडुगतो. मी पितळी पत्र्याची पट्टी गुंडाळलीय.