शाळेतली ऑक्युपेशनल थेरपी की क्लिनिकमधली?

अमेरिकेत मूल वाढवणाऱ्या अनेक मराठी आईबाबांपुढे हा प्रश्न येतो. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजची कामं मुलाला स्वतःची स्वतः जमावीत यासाठीचे उपचार.

सरकारी शाळेतली थेरपी मोफत असते. १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्याने, म्हणजे आजच्या 'आयडिया'ने, तो विशेष शिक्षणासाठी पात्र मुलांचा हक्क केला. निकष मात्र एकच: अडचणीमुळे मुलाचं शिकणं अडतंय का? पेन्सिल धरणं, कात्री चालवणं, डबा उघडणं, वर्गातल्या गोंगाटात टिकणं. उद्दिष्टं मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे आयईपीत, लिहिली जातात आणि दरवर्षी तपासली जातात.

क्लिनिक वैद्यकीय गरज पाहतं. तिथे आंघोळ, झोप, घरचं जेवण यांवरही काम होतं. खर्च मात्र विम्यावर अवलंबून.

मला शाळेतली थेरपी जास्त मोलाची वाटते, कारण थेरपिस्ट अडचण जिथे येते तिथेच पाहते. खुर्ची उंच असल्याने पाय लोंबकळतात, म्हणून मूल नीट बसू शकत नाही आणि अक्षर बिघडतं, हे क्लिनिकमध्ये कसं कळणार?

दोन्ही एकत्र घेता येतात. "बाहेर जाताय ना, मग इथे कशाला?" असं शाळा म्हणाली, तर गप्प बसू नका. मूल्यमापनाची मागणी लेखी द्या.