अंड्यात टोचावे की मादीला? डासांच्या जनुक-संपादनाच्या दोन पद्धती

डासाचे एखादे जनुक क्रिस्परने, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्राने, निकामी करायचे ठरले, की खरा प्रश्न उरतो तो कॅस९ (कापणारे प्रथिन) आणि गाइड आरएनए (त्याला जागा दाखवणारा रेणू) अंड्याच्या आत पोहोचवायचे कसे, हा. नुकत्याच घातलेल्या अंड्यात टोचणे ही रुळलेली पद्धत आहे. रक्त पाजलेल्या मादीलाच टोचून बाकीचे काम तिच्या अंडाशयावर सोपवणे, म्हणजे ‘रीमॉट कंट्रोल’ नावाचे तंत्र, ही पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील गटाने २०१८ मध्ये एडीस इजिप्ताय या डेंग्यू पसरवणाऱ्या डासात दाखवलेली दुसरी पद्धत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका लहानशा इन्सेक्टरीत (डास पाळण्याच्या खोलीत) मी दोन्ही करून पाहिल्या आहेत; पुढचे मत त्या अनुभवापुरतेच समजावे.

अंड्याच्या पद्धतीची बाजू आधी मांडणे न्यायाचे होईल. जनुक नुसते बंद करायचे नसून त्या जागी नवा तुकडा बसवायचा असेल, तर आजही तिचाच भरवसा आहे. इमारतींच्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी या मलेरिया पसरवणाऱ्या डासात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ साली जीन ड्राइव्ह, म्हणजे जवळजवळ सगळ्या संततीत उतरणारा जनुकाचा तुकडा, बसवला, तो अंड्यात टोचूनच.

या पद्धतीत घाई फार असते, असे सगळेच सांगतात, आणि ते खरेही आहे. मादीने ओल्या फिल्टर पेपरवर घातलेली पांढरी अंडी बघता बघता करडी होतात, आणि कवच कडक झाले की काचेची सुई टोकाशी मोडते. हाताला सवय झाली की ही घाई निभावता येते. मला छळले ते अंडी सुकवण्याने. मागची टोके एका बाजूला करून ओळीने चिकटवलेली अंडी हॅलोकार्बन तेलाखाली घेण्यापूर्वी किंचित सुकू द्यावी लागतात. ओली राहिली तर सुई शिरताच आतला द्रव बाहेर येतो, आणि जास्त सुकली तर अंडे चपटते ते पुन्हा सावरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याच्या कुशीला नखाने दाबल्यासारखी बारीक खळी पडू लागली की थांबायचे, एवढीच काय ती खूण. मार्चमध्ये एसीच्या कोरड्या हवेत ही खळी मिनिटभरात पडत असे, जुलैत खाडीकडून आलेल्या दमट हवेत ती पाच-पाच मिनिटे दिसत नसे, आणि दुपारी वीज गेली की सकाळी जुळवलेला अंदाज पार कोलमडत असे. एका पावसाळ्यात सलग तीन आठवडे टोचलेल्या अंड्यांतून मोजक्याच अळ्या बाहेर आल्या, आणि त्यांतल्या एकीतही बदल नव्हता.

मादीला टोचताना हे सुकवणे मुळातच नाही. रक्त पाजल्यानंतर साधारण एक दिवसाने अंड्यांत बलक भरत असतो. कॅस९ला फळमाशीच्या बलक-प्रथिनाचा एक लहान तुकडा जोडलेला असल्यामुळे वाढती अंडी ते बलकासोबतच आत ओढून घेतात. बर्फावर निपचित पडलेली मादी घ्यावी, छातीच्या कडेला एकदा टोचावे आणि तिला पिंजऱ्यात सोडावे. बाहेर पाऊस असो वा ऊन, हाताला फरक पडत नाही. डोळ्यांच्या रंगाशी संबंधित केएमओ जनुकावर मी सुरुवात केली आणि नर मुद्दाम पांढऱ्या डोळ्यांचे, म्हणजे हेच जनुक आधीच निकामी असलेले, ठेवले, त्यामुळे बदल झालेली अळी पहिल्याच पिढीत ओळखता आली. ट्रेमधल्या काळ्या ठिपक्यांच्या जोड्यांत एका अळीच्या डोक्यावर ते ठिपके नव्हते, तेव्हा मी ट्रे दोनदा खिडकीशी नेऊन पाहिला.

उणिवा आहेतच. हे जोडलेले प्रथिन जिवाणूंत तयार करून स्वतः शुद्ध करावे लागले, आणि त्यात माझा महिना गेला. बदल झालेली पिल्ले थोडी मिळतात, म्हणून अळ्या भरपूर तपासाव्या लागतात. कॅस९ला पेशीच्या आत मोकळे व्हायला लावणारी सॅपोनिन किंवा क्लोरोक्विन ही रसायने मिसळल्याने मदत होते, पण प्रमाण वाढले की माद्याच मरतात. नवा तुकडा बसवण्यासाठी या पद्धतीवर विसंबावे, असे मी म्हणणार नाही.

तरीही इन्सेक्टरी लहान असेल, हवेवर ताबा बेताचाच असेल आणि जनुक फक्त बंद करायचे असेल, तर मादीपासून सुरुवात केल्यास पहिले वर्ष कदाचित कमी त्रासाचे जाईल. स्टीफेन्सीतही ही पद्धत चालते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. अंड्यात टोचताना सुई सूक्ष्मपणे हलवणाऱ्या माझ्या मायक्रोमॅनिप्युलेटरवर सध्या कापड टाकलेले आहे. नवा तुकडा बसवण्याचे काम निघाले तर ते काढावे लागेलच, पण तेव्हा मी डिसेंबरपर्यंत थांबेन.