नगावर लोखंड घेऊ नका: माझे २८,०९२ रुपये कसे गेले

आधीच सांगते, मी भोळी नाही. पतसंस्थेत कॅशला बसते. बंडलात एक नोट कमी असली तर ती अंगठ्याला कळते. त्यामुळे ‘बाईमाणूस बघून गंडवलं’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पुढं वाचायचे कष्ट घेऊ नयेत. ज्या लोखंडवाल्या शेठनं मला फसवलं, त्याच्याकडूनच माझ्या दिरांनी गोठ्याच्या स्लॅबला लोखंड नेलंय. मिशीला पीळ देऊन नेलंय. त्यांनी वजन केलं नाही म्हणून त्यांना कळलं नाही, एवढाच फरक.

घर तळमजला आणि वर एक मजला. इंजिनिअरांनी यादी काढून दिली होती: ८ एमएमच्या २०० सळ्या, १० च्या १६०, १२ च्या ११० आणि १६ च्या ३६. मिस्त्री लोक त्यालाच अडीच सूत, तीन सूत, चार सूत, पाच सूत म्हणतात. दर काढायला फिरले. एका दुकानात ६१ रुपये किलो सांगितले, काट्यावर वजन करून, पक्क्या बिलासकट. आमच्या या शेठनं ५७ रुपये ५० पैसे सांगितले, तोच ब्रँड, सगळं धरून. माझ्या हिशेबानं १३,९५५ रुपये वाचत होते. घर बांधताना तेवढ्या पैशात दारं येतात. कोण सोडेल?

आता शेठची खुबी बघा. काट्याच्या चोऱ्या त्यानं मला स्वतःहून शिकवल्या. “ताई, काट्याच्या नादी लागू नका. भरलेल्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हर, क्लीनर, वरून दोन हमाल बसवतात. रिकामी करताना सगळे खाली. डिझेलची टाकी भरून आणतात, पाण्याची टाकी ठेवतात. तुम्ही कुठंकुठं बघणार? आपल्याकडं नगावर हिशेब. बारा एमएमचा नग दहा किलो सहाशे साठ ग्रॅम, पुस्तकात छापलंय. नग मोजा, पैसे द्या. वादच नाही.”

यातलं एकही वाक्य खोटं नाही. काट्यावर चोऱ्या होतात, हे खरं. १२ एमएमची १२ मीटर सळई १०.६६ किलोच भरली पाहिजे, हेही खरं. ‘आपल्याकडची तेवढी भरत नाही’ एवढंच तो बोलला नाही.

एका कागदावर त्यानं माझ्यासमोर मांडणी केली. ८ चा नग ४.७४ किलोप्रमाणे ९४८ किलो. १० चा ७.४० नं ११८४. १२ चे ११७२.६० आणि १६ चा १८.९६ नं ६८२.५६. एकूण ३९८७ किलो १६० ग्रॅम. गुणिले ५७.५०, झाले २,२९,२६१ रुपये ७० पैसे. टेम्पोभाडं १,८००, हमाली १,२००. वरचा एक रुपया सत्तर पैसे सोडून २,३२,२६० घेतले. सोडले म्हणे! एक लाख बँकेतून, ते भाच्याच्या खात्यावर टाकायला लावले, बाकीचे रोख. हातात आला तो कागद, वर लिहिलेलं ‘एस्टिमेट’. ना जीएसटी नंबर, ना शिक्का. पक्कं बिल मागितलं तर “ताई, मग अठरा टक्के वर लागतील, तुमचंच नुकसान.” दर ‘सगळं धरून’ होता ना? पण हे सुचतं घरी आल्यावर.

(पक्कं बिल नसेल तर माल घेऊ नका. टॅक्स वाचतो म्हणून नाचू नका. पुढं कुणाच्याही दारात गेलात की पहिला प्रश्न बिलाचाच येतो.)

माल उतरला तेव्हा मी खडू घेऊन उभी होते. प्रत्येक दहा सळ्यांना एक रेघ. शेजारच्या काकू म्हणाल्या, मोजतेस काय एवढं, दुकान काय पळून चाललंय? ५०६ लिहिल्या होत्या, ५०६ भरल्या. एकही कमी नाही. मला वाटलं जिंकले.

आणि इथंच तो क्षण आला, ज्यानं मला अजून झोप लागत नाही.

आमचा फिटर पोरसवदा नाही, पन्नाशीचा माणूस आहे. चार सुताच्या सळ्या खांद्यावर घेऊन मागच्या बाजूला नेत होता. मध्येच थांबला, खांदा हलवला आणि म्हणाला, “मॅडम, मी येळंला चार उचलतो. आज पाच उचलल्यात. हाताला हलकी लागतीय सळई.” एक सळई उचलून त्यानं टोक वरखाली झुलवलं, ती लांबवर लवलवली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हटलं, “तुमचं आपलं काहीतरीच.”

का म्हटलं? सांगते. दुसऱ्या दुकानाची, त्या ६१ रुपयेवाल्याची, ओळख याच फिटरनं करून दिली होती. फिटर-गवंड्यांना दुकानदार टनामागं कमिशन देतात हे आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे. तिथून माल नेला नाही म्हणून हा खुसपट काढतोय, असं मला वाटलं. तुम्हालाही तेच वाटलं असतं. दहा जणांनी मला आधी तेच बजावलं होतं, मिस्त्रीचं ऐकू नकोस. एकानंही सांगितलं नाही की सळईचं वजन कर.

आणखी एक. वरच्या बंडलाला कंपनीचा टॅग होता, आयएसआयचा शिक्का आणि परवाना नंबरासकट. तो मी मोबाईलवर बीआयएस केअर या सरकारी मानक संस्थेच्या अ‍ॅपमध्ये घालून बघितला, परवाना चालू निघाला. यापेक्षा गिऱ्हाईकानं काय करायचं? नंतर नीट बघितलं तेव्हा कळलं, टॅग बांधणीच्या तारेनं नंतर अडकवलेला होता. वरच्या काही सळ्यांवर नाव उठावात होतं. खालच्या बंडलांत नुसती नक्षी, ना नाव, ना ग्रेड (ताकदीचा आकडा). नाव प्रत्येक सळईवर ठरावीक अंतरानं उठलेलं असतं. टॅग नका बघू, सळई बघा, आणि ढिगाच्या खालची बघा.

पायाची फुटिंग झाली, कॉलम उभे राहिले. स्लॅबचं लोखंड बांधून झालं तेव्हा इंजिनिअर सर तपासायला आले. जाळीवर चालताना वाकून त्यांनी एक सळई दोन बोटांत धरली आणि विचारलं, “ही बाराच आहे ना?” जाडी मोजायचा व्हर्नियर लावून उपयोग नसतो म्हणाले, वरच्या नक्षीमुळं माप फसतं. वजनच करायचं. बरोब्बर एक मीटरचा तुकडा कापून घेतला आणि आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. साखर मोजायच्या काट्यावर तो लोखंडाचा तुकडा ठेवला. सर म्हणाले, ८८८ ग्रॅम आलं पाहिजे. काट्यावर लाल आकडे थरथरले आणि ७७५ वर थांबले.

हिशेब अगदी सोपा आहे, पाठ करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, आलं मीटरचं वजन किलोत. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६२, ०.८८८. दहाचं ६१७ ग्रॅम, आठचं ३९५, सोळाचं १ किलो ५८०. आयएस १७८६ मध्ये, म्हणजे सळ्यांच्या भारतीय मानकात, थोडी सूट आहे. एकेका नमुन्याला १० एमएमपर्यंत ८ टक्के कमी चालतं, त्यापुढं १६ पर्यंत ६ टक्के. आमची दहाची ५४२ भरली, आठची ३४२, सोळाची १ किलो ४२५. सगळ्याच सुटीच्या बाहेर. ७७५ ग्रॅम म्हणजे १२ ची सळई प्रत्यक्षात ११.२ एमएमची. मिलमध्ये लाटतानाच बारीक ठेवायची, नक्षी तशीच. डोळ्याला कोण ओळखणार?

उरलेल्या मालातल्या प्रत्येक मापाच्या पूर्ण सळ्या काट्यावर टाकल्या आणि नगांवरून एकूण काढलं. ३४९८ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे ४८८ किलो ५६० ग्रॅम लोखंड मला मिळालंच नाही. गुणिले ५७.५०, २८,०९२ रुपये. आणि यातली खरी मेख ऐका. मी दिलेल्या पैशाला मिळालेल्या किलोनं भागलं तर दर पडला ६५ रुपये ५३ पैसे. ६१ वाला महाग म्हणून मी सोडून आले होते!

काट्यावर घेतलं असतं तर हलकी सळई म्हणजे कमी पैसे, एवढं तरी झालं असतं. नगावर हलकेपणा सगळा आपल्या माथी. सासूबाई म्हणाल्या ते बरोबर, डझनावर आंबे घेतात.

सरांनी डिझाइन परत तपासलं. कॉलमला चालेल म्हणाले, बीम आणि स्लॅबला जादा सळ्या टाका. ३१० किलो आणखी, ६१ नं १८,९१० रुपये. फिटरची जादा मजुरी ४,५००. मेहुणा म्हणतो, तू नुकसान दोनदा मोजतेयस. मोजते. त्याचं घर नाही.

शेठकडं गेले. आधी ओळख दिली नाही, मग हसला, मग टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स पुढं केली. “बघा ताई, पास आहे, ५०० ग्रेड.” मी तंत्रनिकेतनाच्या लॅबमध्ये आमचीच सळई तपासून घेतली, तीही ताकदीत पास! कारण ती ताकद दर चौरस मिलिमीटरची असते. १२ च्या सळईत ११३ चौरस मिलिमीटर लोखंड पाहिजे, आमच्यात ९८.७. उरलेलं पास होऊन काय करू? ‘रिपोर्ट पास’ ऐकून गप्प बसू नका. रिपोर्टवरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद वितळवलेल्या घाण्याचा नंबर, तुमच्या बंडलाच्या टॅगशी जुळतो का ते विचारा. त्याच्या झेरॉक्सवरचा जुळत नव्हता.

मग सुरू झाली सरकारी यात्रा.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पहिलं विचारलं, “नग पूर्ण आले ना?” आले. “मग?” मी काट्याचा फोटो दाखवला. म्हणाले, “मॅडम, हा दिवाणी मामला. कोर्टात जा.” मी म्हटलं, फसवणुकीचं कलम आहे ना, जुनं ४२०, आता न्याय संहितेत ३१८. तर साहेब आतून म्हणाले, “कलमं आम्हाला शिकवू नका.” अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर. शिक्का मारायला वेगळा माणूस लागतो हे मला माहीत नव्हतं.

वजनमापांच्या ऑफिसात गेले. तिथले बाबू तर तत्त्वज्ञच. “तुमच्या व्यवहारात काटा वापरला का?” नाही. “मग वजनात फसवणूक कशी? नग विकले, नग मिळाले.” मी एस्टिमेटवरचा किलोचा रकाना दाखवला, किलोचा दर दाखवला. त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, “हे बिलच नाही.” म्हणजे वजन लिहून पैसे घेतले तरी वजनाचा गुन्हा नाही, कारण वजन केलंच नाही! टॅक्सवाल्यांकडं गेले तर तिथं उलटा प्रश्न, “बिल न घेता माल का घेतला?” जणू दुकान मीच चालवते. ही सगळी ऑफिसं दुपारी अडीचपर्यंत जेवतात आणि साडेचारला आवरतात. माझ्या रजा गेल्या, माझा पगार कापला. शेठचं शटर एक दिवस खाली आलं नाही. आयएसआय चिन्ह नसलेली सळई विकायलाच परवानगी नाही, तरी त्याच्या अंगणात ढीग उघड्यावर पडलाय. ज्यांनी बघायचं ते त्याच रस्त्यानं जातात, चहा त्याच्याच शेजारी पितात.

बिल नसतानाही उपयोगी पडलं ते एवढंच: बँकेतून गेलेल्या एक लाखाची नोंद, शेठनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले दर आणि नगांची वजनं, उतरतानाचे फोटो. रोख देऊच नका आणि भाच्या-पुतण्याच्या खात्यावर तर मुळीच नाही. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील हवाच असंही नाही. त्याच्या वकिलानं पहिल्याच तारखेला मुदत मागितली.

काट्यावर घेताय तरी डोळे उघडे ठेवा. काटा तुमच्या पसंतीचा, दुकानदाराच्या ओळखीचा नको. भरलेल्या गाडीचं आणि माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचं, दोन्ही वजनं तुमच्यासमोर, दोन्ही पावत्या तुमच्या हातात. दोन्ही वेळा गाडीत कुणी नको. लांबीलाही टेप लावा, १२ मीटर म्हणजे ३९ फूट ४ इंच. ‘चाळीस फुटी’ बोलायला असते.

ज्यांचं लोखंड नगावर येऊन पडलंय आणि स्लॅब अजून व्हायचाय, त्यांनी आजच एक मीटर कापा. १२ ची ८३५ ग्रॅमच्या खाली, दहाची ५६८ च्या, आठची ३६३ च्या खाली भरली तर काम थांबवा आणि तुकडा टाकून देऊ नका. आणि फिटर काही बोलला तर ऐका, कमिशनचं नंतर बघता येतं.

परवा शेठचा माणूस घरी आला होता. दहा हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या म्हणाला. मी म्हटलं, २८,०९२. तो म्हणाला, “ताई, काहीतरी राउंड करा की.” मी म्हटलं, बरं, २८,१००.