पीएमपी परीक्षेचे अभ्याससाहित्य: काय घ्यावे, काय सोडावे

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) या प्रकल्प व्यवस्थापकांसाठीच्या परीक्षेला बसायचे ठरवलेल्या उमेदवारापुढे आज इतके अभ्याससाहित्य येऊन पडते, की त्यातले काय घ्यायचे हे ठरवण्यातच सुरुवातीचा उत्साह खर्ची पडतो. पुण्यामुंबईच्या आयटी कंपन्यांत, कारखान्यांत आणि मोठ्या बांधकाम प्रकल्पांत या प्रमाणपत्राला मान आहे. त्यामुळे क्लास, जाडजूड पुस्तके, रेकॉर्ड केलेले अभ्यासक्रम आणि क्वेश्चन बँका यांचा बाजारही चांगलाच विस्तारला आहे. यांपैकी बरेचसे साहित्य मी स्वतः वापरले आहे आणि उरलेले सहकाऱ्यांच्या तयारीत जवळून पाहिले आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की साहित्याची पारख मुख्यतः दोन गोष्टींवर करावी: ते परीक्षेच्या कोणत्या आराखड्यावर बेतलेले आहे आणि त्यातील उत्तरांची स्पष्टीकरणे किती कसदार आहेत. पृष्ठसंख्या, प्रश्नांची संख्या आणि जाहिरातीत छापलेले यशस्वी उमेदवारांचे फोटो यांचा विचार त्यानंतर करावा, किंवा करूच नये.

आधी आराखड्याविषयी. परीक्षा घेणारी पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही संस्था परीक्षेत काय विचारले जाईल याची एक पुस्तिका प्रसिद्ध करते; उमेदवार तिला ईसीओ (एक्झामिनेशन कंटेंट आउटलाइन) म्हणतात. ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, आणि तरीही क्लासला हजारो रुपये भरणाऱ्या कित्येकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या आराखड्यात ४२ टक्के भार माणसे सांभाळण्याच्या कामाला, ५० टक्के प्रक्रियांना आणि अवघा ८ टक्के व्यावसायिक परिस्थितीला होता. जवळजवळ निम्मी परीक्षा अजाइल (छोट्या टप्प्यांत काम करत गरजेनुसार योजना बदलणारी) आणि हायब्रिड (अजाइल व पारंपरिक यांचे मिश्रण असलेली) पद्धतींवर होती. जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यात हेच भार अनुक्रमे ३३, ४१ आणि २६ टक्के असे आहेत. पूर्वी ज्या भागाची तयारी शेवटच्या आठवड्यात उरकली जायची, तो आता परीक्षेचा एक चतुर्थांश व्यापतो. म्हणून कोणतेही पुस्तक किंवा अभ्यासक्रम विकत घेण्यापूर्वी त्याच्या प्रस्तावनेत कोणत्या आराखड्याचा उल्लेख आहे हे पाहावे, आणि नियमांचे अनुपालन, संस्थेतील बदल व प्रकल्पातून मिळणारे लाभ या विषयांना किती पाने दिली आहेत हे अनुक्रमणिकेत मोजावे. तिथे एकच आटोपशीर प्रकरण दिसले, तर मुखपृष्ठावर कोणतेही साल छापलेले असले तरी आतला मजकूर जुनाच आहे, असे समजायला हरकत नाही.

यानंतर येते पीएमआयचे मुख्य मार्गदर्शक पुस्तक, ज्याला सगळे पिंबॉक म्हणतात. त्याच्या आवृत्त्यांमुळे होणारा गोंधळ मी सतत पाहते. २०१७ ची सहावी आवृत्ती सातशेहून अधिक पानांची असून तिच्यात १० ज्ञानक्षेत्रे आणि ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने तो सगळा डोलारा बाजूला ठेवून १२ तत्त्वे आणि ८ कार्यक्षेत्रे मांडली. २०२५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत तत्त्वांच्या जोडीला प्रक्रिया पुन्हा आल्या आहेत. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सहावी आवृत्ती स्वस्तात मिळते आणि जोखीम, खर्च, वेळापत्रक यांचा पाया समजून घ्यायला ती आजही उपयोगी आहे, हे मान्य करायला हवे. मात्र ४९ प्रक्रियांचा तक्ता पाठ करण्यात महिने घालवणाऱ्यांना मी ठामपणे सांगेन, की परीक्षा आता तो तक्ता विचारत नाही. शिवाय परीक्षा या एका पुस्तकावर आधारलेली नाही. ती आराखड्यावर आधारलेली आहे आणि पिंबॉक हा तिच्या अनेक संदर्भांपैकी एक आहे.

पिंबॉक पाठ्यपुस्तकासारखे पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये, असे माझे मत आहे. त्याची भाषा व्याख्यांची आहे. नवख्या वाचकाला त्यातून एखादी संकल्पना प्रत्यक्ष कामात कशी दिसते ते कळत नाही. एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ पाहायचा असला, दोन पुस्तकांत मतभेद आढळला, तर मात्र त्याच्याइतका भरवशाचा आधार नाही. पीएमआयचे सभासदत्व घेतल्यास त्याची डिजिटल प्रत वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य उतरवून घेता येते आणि सभासदांना परीक्षा शुल्कातही सवलत मिळते; त्यामुळे छापील प्रत वेगळी विकत घेण्याआधी हा हिशेब जरूर करून पाहावा.

अजाइल पद्धतींवरचे २०१७ चे छोटे मार्गदर्शक, जे पीएमआयने अजाइल अलायन्ससोबत तयार केले, त्याबद्दल मात्र माझी शिफारस बिनशर्त आहे. ते सुट्टीच्या दोनतीन दिवसांत वाचून होते आणि सलग वाचले तरी कंटाळा येत नाही. ज्यांची सारी कारकीर्द बांधकामात किंवा यंत्रनिर्मितीत गेली आहे आणि ज्यांनी स्प्रिंट (कामाचा ठरावीक, छोट्या मुदतीचा टप्पा), बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी) हे शब्द केवळ ऐकले आहेत, त्यांनी तर तयारीची सुरुवात इथूनच करावी.

खासगी प्रकाशकांच्या तयारी-पुस्तकांत दर्जाचा फरक फार मोठा आहे आणि तो ओळखायला दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटे पुरतात. अर्न्ड व्हॅल्यूचे, म्हणजे झालेल्या कामाच्या किमतीवरून प्रगती मोजण्याच्या पद्धतीचे, प्रकरण उघडावे. समजा, १० लाखांच्या प्रकल्पात आजपर्यंत ४ लाखांचे काम व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ३ लाखांचे झाले आणि त्यासाठी ३ लाख ७५ हजार खर्च झाले. सामान्य पुस्तक सूत्रे देते: सीपीआय (झालेले काम भागिले झालेला खर्च) ०.८, एसपीआय (झालेले काम भागिले ठरलेले काम) ०.७५, आणि पुढचे उदाहरण सुरू करते. चांगले पुस्तक तिथे थांबून सांगते, की खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचेच काम पदरात पडते आहे. हीच गती राहिली तर प्रकल्प साडेबारा लाखांवर जाईल. आणि अशा वेळी प्रायोजकाकडे जास्तीचे पैसे मागण्याआधी उत्पादकता नेमकी कुठे घसरते आहे ते शोधायला हवे. आजच्या परीक्षेत निव्वळ आकडेमोड थोडी असते आणि आकड्यांचा अर्थ लावून पुढचे पाऊल निवडणेच अधिक असते. त्यामुळे जे पुस्तक सूत्रांच्या तक्त्यावर थांबते, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

अभ्यासक्रम किंवा क्लास यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तो टाळता येत नाही. अर्ज करताना प्रकल्प व्यवस्थापनाच्या ३५ तासांच्या औपचारिक शिक्षणाचा पुरावा लागतो आणि स्वतः पुस्तके वाचण्यात किंवा मोफत व्हिडिओ पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. ज्यांच्याकडे पीएमआयचेच सीएपीएम हे प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र चालू स्थितीत आहे, त्यांना ही अट लागू नाही. बाकीच्यांपुढे मुख्यतः दोन पर्याय असतात: रेकॉर्ड केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम, ज्याच्या शेवटी चाचणी असते, किंवा शनिवार-रविवारची शिकवणी. ज्यांना स्वतःहून अभ्यासाला बसण्याची सवय आहे, त्यांना पहिला पर्याय पुरतो आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो. शिकवणीचे खरे मोल शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानात फारसे नसते. तुमच्या चुकलेल्या उत्तरावर तो तुमच्याशी वाद घालतो का, यात ते असते. एका शिकवणीत सहकाऱ्याबरोबर मी प्रात्यक्षिक तास पाहिला, तेव्हा वर्गातल्या सर्व शंकांवर "हे पाठच करा" एवढेच उत्तर मिळत होते आणि वाटलेल्या टिपणांत अजूनही जुन्या २०० प्रश्नांच्या परीक्षेचे वर्णन होते, जी जानेवारी २०२१ पासून १८० प्रश्नांची झाली आहे. तिथल्या "उत्तीर्ण होण्याच्या हमी"च्या अटी वाचल्या, तर हमी म्हणजे पुढच्या बॅचला पुन्हा बसण्याची परवानगी, एवढाच अर्थ निघत होता. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक तास बसून पाहू द्यावा, अशी मागणी अवश्य करावी आणि तासांचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र मिळेल याची लेखी खात्री करून घ्यावी, कारण अर्ज पडताळणीसाठी निवडला गेला तर तेच कागद दाखवावे लागतात.

सगळ्यांत जास्त विचार करायला हवा तो सराव प्रश्नांचा. परीक्षेतील बहुतेक प्रश्न प्रसंगावर आधारलेले असतात. उदाहरणार्थ, स्प्रिंट अर्ध्यावर आला असताना ग्राहकाच्या विक्री विभागाचा प्रमुख थेट एका डेव्हलपरला गाठून नवी सुविधा मागतो. प्रकल्प व्यवस्थापकाने काय करावे? मागणी नाकारणे, डेव्हलपरला काम सुरू करू देणे, चेंज रिक्वेस्ट (बदलाचा औपचारिक अर्ज) भरून घेणे आणि मागणी प्रॉडक्ट ओनरकडे (कामांचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्याकडे) नेऊन बॅकलॉगमध्ये तिचा क्रम ठरू देणे, असे चार पर्याय आहेत. शेवटचा पर्याय योग्य आहे, हे सांगणे सोपे आहे. पण चांगली क्वेश्चन बँक उरलेल्या तिघांत प्रत्येकी काय चुकते तेही सांगते आणि हाच प्रकल्प पारंपरिक, आधी सगळे ठरवून चालणारा असता तर चेंज रिक्वेस्टचा पर्याय कसा बरोबर ठरला असता, हेही दाखवते. उमेदवाराची विचारपद्धती घडते ती या तुलनेतून. ज्या बँकेत पाच हजार प्रश्न आहेत पण स्पष्टीकरण एका ओळीचे आहे, तिच्यापेक्षा सहाशे प्रश्नांची कसदार बँक मला कितीतरी मोलाची वाटते.

पीएमआयची स्वतःची स्टडी हॉल ही सराव प्रश्नांची ऑनलाइन सदस्यता या कसोटीवर बरीच चांगली उतरते. तिच्या प्रश्नांची भाषा आणि लांबी प्रत्यक्ष परीक्षेच्या सर्वांत जवळची आहे आणि प्रत्येक प्रश्नाला काठिण्यपातळी दिलेली आहे. त्यांतले सर्वांत वरच्या पातळीचे काही प्रश्न इतके बारीक असतात, की स्पष्टीकरण वाचूनही मन भरत नाही. असे प्रश्न वेगळे ठेवून मध्यम आणि कठीण पातळीवरील गुणांकडे पाहिले, तर तयारीचा अंदाज अधिक खरा मिळतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या, "परीक्षेत आलेले खरे प्रश्न" म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइली आहेत. त्यांतली उत्तरे अनेकदा चुकीची असतात. शिवाय प्रश्न फोडणे आणि ते वापरणे पीएमआयच्या नियमांविरुद्ध आहे. आचारसंहितेचा अभ्यास करून मिळवायच्या प्रमाणपत्रासाठी हा मार्ग कोणीही धरू नये, असे मी कळकळीने सांगते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. परीक्षा मराठीत होत नाही आणि एका प्रश्नाला साधारण सव्वा मिनिट मिळते. तेवढ्यात चारपाच ओळींचा इंग्रजी प्रसंग वाचून, समजून, पर्याय तोलायचे असतात. विषय पक्का असूनही वेळ अपुरा पडल्याची तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. अशांनी संकल्पना मराठीत समजावणारे व्हिडिओ सुरुवातीला जरूर पाहावेत, त्याने पाया लवकर बसतो. पण सराव प्रश्न पहिल्या आठवड्यापासून इंग्रजीतच आणि घड्याळ लावूनच सोडवावेत. स्टडी हॉलसारखी मुदतीची सदस्यता मात्र अभ्यासक्रम संपवून परीक्षेची तारीख घेतल्यावरच सुरू करावी, आणि तिच्यातली पूर्ण लांबीची एक तरी सराव परीक्षा शेवटच्या पंधरवड्यासाठी न उघडता राखून ठेवावी.