आठ महिन्यांच्या वापरानंतर हार्डवेअर रेड कार्ड: पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आकड्यावर जाऊ नका

रेड कार्ड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क म्हणून चालवणारं कार्ड. हे १२ गिगाबिट सॅसचं (सर्व्हरच्या डिस्क जोडण्याची पद्धत) आठ पोर्टांचं कार्ड, २ जीबी कॅश (लिहायचा डेटा आधी जिथे साठतो ती वेगवान मेमरी), सोबत सुपरकॅपॅसिटर (वीज गेली तरी कॅशमधला डेटा वाचवणारा). त्यावर ७२०० आरपीएमच्या ४ टीबीच्या आठ डिस्क, रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो अशी रचना), स्ट्रिप (एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा तुकडा) २५६ केबी. आठ महिने रोजच्या कामात आहे. कार्ड दमदार आहे, घ्यावं असंच आहे. पण त्याची चाचणी सहसा जशी घेतली जाते, तीत मोजला जातो तो कॅशचा वेग, डिस्कांचा नव्हे.

चाचणीआधी कागदावर हिशोब करा. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी ४.१७ मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात. हेड सरकायचा वेळ धरला की एका डिस्ककडून सेकंदाला ८० च्या आसपास रँडम ऑपरेशन्स (इथेतिथे विखुरलेली वाचनं-लेखनं) मिळतात. रेड ६ मध्ये ४ केबीच्या एका राइटसाठी जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठीची माहिती) आधी वाचाव्या लागतात, मग तिन्ही परत लिहाव्या लागतात. एकूण सहा ऑपरेशन्स. ८ × ८० ÷ ६, म्हणजे साधारण १०७ आयओपीएस (सेकंदाला होणारी ऑपरेशन्स). (याच डिस्क रेड १० मध्ये, म्हणजे डेटाच्या दोन प्रती ठेवून, लावल्या तर ३२०.)

आता एफआयओवर (डिस्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) २०,००० रँडम राइट्स दिसले, तर ते आले कुठून? सेकंदाला २०,००० म्हणजे सुमारे ८० एमबी. २ जीबी कॅश भरायला २५ सेकंद पुरतात. २० सेकंदांची चाचणी त्याआधीच संपते आणि तोच आकडा कौतुकाने सगळीकडे फिरतो. चाचणी चालूच ठेवली आणि दर सेकंदाचा लॉग पाहिला, की पंचविशीच्या पुढेमागे आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो आणि लेटन्सी (एका ऑपरेशनला लागणारा वेळ) एकदम चढते. कार्डाची खरी परीक्षा तिथून पुढे.

म्हणून ब्लॉक ४ केबी, क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत ठेवलेल्या मागण्या) ३२, चार जॉब्स, डायरेक्ट मोड (ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश वगळणारा) चालू, रॅम्प टाइम (सुरुवातीचा, मोजणीत न धरायचा वेळ) किमान दोन मिनिटं आणि पुढे निदान अर्धा तास. सरासरीपेक्षा ९९ व्या पर्सेंटाइलची लेटन्सी (शंभरातली ९९ ऑपरेशन्स ज्या वेळेत होतात ती) बघा. टेस्ट फाइल ४ जीबीची नको. एवढीशी फाइल प्लॅटरच्या अरुंद पट्ट्यात बसते, हेड जेमतेम हलतं आणि १०७ च्या कितीतरी वर आकडा येतो. पूर्ण व्हॉल्यूमवर पसरवा. मात्र थेट डिव्हाइसवर राइट टेस्ट लावली तर त्यावरचा डेटा जातो, हे विसरू नका. बॅकग्राउंड इनिशिअलायझेशन (नव्या रेडची पॅरिटी तयार होण्याचं काम) पूर्ण झाल्याशिवाय सुरुवात करू नका आणि पॅट्रोल रीड (कार्डाने अधूनमधून डिस्क वाचून तपासणं) तेवढ्यापुरतं थांबवा.

दुसरी फेरी राइट-थ्रूवर (कॅशमध्ये न थांबवता डिस्कवर लिहूनच काम झालं म्हणणं) घ्या, हे आग्रहाने सांगतो. कॅपॅसिटर किंवा बॅटरी खराब झाली की कार्ड राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग सवडीने डिस्कवर) सोडून आपोआप राइट-थ्रूवर जातं. त्या दिवशी डेटाबेस किती रखडेल, हे आधीच माहीत हवं. ‘ऑलवेज राइट-बॅक’ निवडून ही अडचण टाळण्याचा मोह होतो, पण मग वीज जाताच कॅशमधलं सगळं गेलं. डिस्कची स्वतःची राइट कॅशही बंदच ठेवा, तिला कॅपॅसिटरचं संरक्षण नाही.

सलग लेखनात कार्ड फार सुरेख चालतं. सहा डेटा डिस्क × २५६ केबी म्हणजे पूर्ण स्ट्राइप १.५ एमबीची, ती भरली की जुनं काही वाचावंच लागत नाही. एक्सएफएस (लिनक्सची फाइल सिस्टिम) करताना एसयू (स्ट्रिपचं माप) २५६ के आणि एसडब्ल्यू (डेटा डिस्कांची संख्या) ६ द्या. तिथे सवयीने ८ टाकलं जातं, पण दोन डिस्कांएवढी जागा पॅरिटीची असते. एसएसडीसाठी वेगळा ग्रुप असेल तर रीड-अहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवणं) बंद करून राइट-थ्रूही मोजून पाहा. पुष्कळदा तेच जास्त वेगवान निघतं.

उष्णतेकडे मात्र लक्ष हवंच. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. टॉवर कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर थेट पंखा नसेल तर लांबलेल्या चाचणीत कंट्रोलर चिपचं तापमान चढतच राहतं.

शेवटची चाचणी एक डिस्क काढून. १५० एमबी प्रतिसेकंदाने बदली डिस्कचे ४ टीबी भरायला (यालाच रीबिल्ड म्हणतात) कामाचा भार नसतानाही साडेसात तास लागतात. रीबिल्ड रेट (रीबिल्डला कार्ड देतं तो कामाचा वाटा) ३० टक्क्यांवर ठेवून तीच एफआयओ चाचणी पुन्हा लावा आणि तो आकडा आधीच्या दोन फेऱ्यांशेजारी लिहून ठेवा. फर्मवेअर बदललं की आधी कॅश पॉलिसी तपासा, मग तिन्ही फेऱ्या पुन्हा घ्या.