इंग्लंडच्या जुन्या हवेल्यांची नातीगोती शोधायची असतील तर हिस्टरी ऑफ पार्लमेंट ही साइट वापरा (5 पैकी साडेचार)

बडोद्याचा लक्ष्मी विलास पॅलेस लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे इंग्लंडात ग्लॉस्टरशरमध्ये तसाच घुमटवाला बंगला आहे, सेझिनकोट नावाचा, हे कळल्यावर तो कोणाचा, कोणी बांधला हे शोधल्याशिवाय चैन पडेना. आधी वंशावळीची एक पैसे घेणारी साइट घेतली, नाव लिहीत नाही, फुकट ट्रायल म्हणून कार्ड घेतलं न पुढच्या महिन्याचे पैसे परस्पर कापले, वर तिथली झाडं लोकांनी एकमेकांची बघून उतरवलेली, एका झाडात तर मुलगा बापाच्या आधी जन्मलेला!

मग हिस्टरी ऑफ पार्लमेंट ही साइट सापडली. फुकट आहे, लॉगिन नाही. जुन्या खासदारांची चरित्रं आहेत, मुख्यतः 1832 पर्यंतची, आणि बहुतेक हवेलीवाले कधी ना कधी खासदार होतेच. प्रत्येक नोंदीत सुरुवातीलाच बाप कोण, बायको कोणाची मुलगी, इस्टेट कोणाकडून आली हे दिलेलं असतं. सगळं शॉर्टफॉर्ममध्ये आहे, पहिले दोन दिवस डोकं दुखतं, मग सवय होते.

सेझिनकोट जॉन कॉकरेलने 1795 मध्ये घेतलं, 1798 मध्ये तो वारला, मग ते आलं भाऊ चार्ल्सकडे, बंगालमधून पैसा कमावून आलेला, त्याने दुसरा भाऊ सॅम्युएल पीप्स कॉकरेल याच्याकडून ते हिंदुस्थानी थाटात बांधून घेतलं. तिथून जवळच वॉरन हेस्टिंग्जची डेल्सफर्ड ही हवेली, तिचा आर्किटेक्टही हाच सॅम्युएल!

पण खरी गंमत सासरकडून कळते. चार्ल्सची दुसरी बायको हॅरिएट रशाउट, नॉर्थविक घराण्यातली, आणि त्यांच्या मुलाने 1849 मध्ये कॉकरेल सोडून आईचं आडनाव लावलं. वेल्समधल्या पोविस कॅसलचंही तेच, रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने 1784 मध्ये तिथल्या हर्बर्ट घराण्यातल्या हेन्रिएटाशी लग्न केलं, तिचा भाऊ बिनलग्नाचा गेला, आणि रॉबर्टचा नातू 1807 मध्ये आडनाव बदलून क्लाइव्हचा हर्बर्ट झाला. आपल्याकडे 1875 मध्ये कवळाण्याचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला, पण इंग्लंडात 1926 पर्यंत दत्तकाचा कायदाच नव्हता, म्हणून आडनाव बदलून वारसा टिकवायचे. त्यामुळे एकच आडनाव धरून शोधलंत तर धागा तुटणारच. आडनाव बदलायच्या शाही परवानग्या लंडन गॅझेटमध्ये छापून यायच्या, तेही नेटवर फुकट बघता येतं.

अर्धा स्टार एवढ्यासाठीच कापला की बायकांच्या स्वतःच्या नोंदी नाहीत, 1918 आधी त्यांना खासदार होताच येत नव्हतं, पण इस्टेटी तर त्यांच्याकडूनच फिरल्या ना! म्हणून नोंद उघडली की आधी सासऱ्याचं नाव वहीत लिहा, मग त्याची नोंद उघडा.

सध्या बेसिल्डन पार्क ही हवेली शोधायला घेतलीय, ती फ्रान्सिस साइक्सची, तोही बंगालवालाच. बडोद्यात अजून कोणाला हा नाद असेल तर खाली लिहा, मिळून शोधू.