ऑटोहॉटकी की एस्पॅन्सो?

तीन वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो. थकबाकीची आठवण, सभेची सूचना, ‘उद्या पाणी येणार नाही’. तीच तीच वाक्यं टायपून बोटं कंटाळली, तेव्हा या दोन प्रोग्रॅमांच्या नादी लागलो. चार अक्षरं दाबली की आख्खा परिच्छेद उमटतो, एवढंच काम. पण ते आपण स्वतः जुळवलेलं असलं की त्याची गंमत काही और.

मॅक किंवा लिनक्स वापरत असाल तर निवड करायची गरजच नाही: ऑटोहॉटकी फक्त विंडोजवर चालतं, एस्पॅन्सो तिन्हीकडे. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही पाहता येतो.

विंडोजवाल्यांनी मात्र थोडा विचार करावा. ऑटोहॉटकीत एक ओळ लिहायची:

::आवि::आपला विश्वासू

फाइल सेव्ह करून डबल-क्लिक केली की झालं. ‘आवि’ लिहून स्पेस दिली की पूर्ण ‘आपला विश्वासू’ येतं. स्पेसची वाट पाहायची नसेल तर पहिल्या दोन विसर्गचिन्हांमध्ये, म्हणजे कोलनांमध्ये, एक चांदणी (*) टाकायची. मी हौसेने टाकली, आणि पुढच्याच पत्रात ‘आविष्कार’चा ‘आपला विश्वासूष्कार’ झाला. चांदणी काढली.

एस्पॅन्सो मुळातच वाट पाहत नाही, लगेच बदलतो. म्हणून त्यात प्रत्येक संक्षेपाआधी कोलन लावायची पद्धत आहे. इंग्रजीत ठीक, पण इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकात त्या कळीवर च आणि छ बसलेत! मराठीत टायपणाऱ्याने सरळ एस्पॅन्सोतला ‘वर्ड’ (word) हा पर्याय चालू करावा, मग तो सुट्या शब्दालाच हात लावतो. त्याची सेटिंग्ज यामल (YAML) नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. एका ओळीत ट्रिगर (म्हणजे संक्षेप), खालच्या ओळीत रिप्लेस (म्हणजे त्याजागी येणारा मजकूर), प्रोग्रॅमिंग शून्य. फक्त ओळीच्या सुरुवातीची जागा स्पेसनेच सोडायची; टॅब दाबलात तर फाइल रुसते. आजची तारीख आपोआप टाकणंही त्यात तयार मिळतं.

मजकुरापलीकडे काही हवं असेल तर ऑटोहॉटकीला तोड नाही. ऑनलाइन सभेत इतिवृत्त लिहिताना नोटपॅड व्हिडिओच्या मागे दडायचं. एका ओळीत कंट्रोल-स्पेसला ‘ही खिडकी सगळ्यांच्या वर ठेव’ शिकवलं. एक्सेलमध्ये मात्र हीच जोडी कॉलम निवडते. मग ‘एक्सेल समोर असेल तेव्हा गप्प बस’ असंही सांगितलं. हे एस्पॅन्सोचं कामच नाही.

ऑटोहॉटकीचा एक जाच आहे. २०२२च्या डिसेंबरात दुसरी आवृत्ती आली आणि भाषेची मांडणी बदलली. नेटवरच्या जुन्या स्क्रिप्टा, म्हणजे लोकांनी लिहिलेल्या अशा फाइली, बऱ्याचदा तिच्यात चालत नाहीत. नवख्याने दुसरीच घ्यावी, आणि उदाहरण कॉपी करताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे ते आधी बघावं.

ऑफिसच्या मशीनवर दोन्हींसाठी आधी परवानगी घ्या. ही साधनं तुमची प्रत्येक कळ ऐकतात, तेव्हा आयटीवाले बिचकणारच. पासवर्ड तर यांच्या फाइलीत कधीच ठेवू नका. तिथे सगळं उघडं असतं.

फक्त पत्रं-ईमेल असतील किंवा घरी एक मॅक आणि एक विंडोज असेल, तर एस्पॅन्सो. मी ऑटोहॉटकीवर राहिलो, ते त्या नोटपॅडसाठी.